जिल्हा ग्रामविकास निधीचं कर्ज: बाजाराच्या गाळ्यांसाठी ग्रामपंचायतीने घ्यावं का?

गाळे, बाजारओटे किंवा ग्रामपंचायत भवन बांधायचं म्हटलं की विदर्भातल्या कोणत्याही सरपंचाला निधीची चार दारं पाठ असतात: जनसुविधा योजना, पंचवीस-पंधरा (राज्याच्या 2515 या लेखाशीर्षाचा निधी), आमदार निधी आणि वित्त आयोग. जिल्हा परिषदेच्या पंचायत विभागात एक पाचवं दारही आहे, जिल्हा ग्रामविकास निधीच्या कर्जाचं. तिथे फारशी रांग नसते, कारण तिथला पैसा परत करावा लागतो. तरीही गाळ्यांसारख्या कमावत्या बांधकामासाठी आमच्या मते आधी हेच दार वाजवून पाहावं. पाचपैकी साडेतीन तारे. जो दीड तारा कापला, त्यातला मोठा भाग एकाच उणिवेसाठी आहे. हप्ता एखाद्या ठरावीक उत्पन्नाला बांधून देण्याची सोय या योजनेत नाही. ती ग्रामपंचायतीने स्वतः केली तर कर्ज सुखाने फिटतं, नाही केली तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी थकतं.

आधी योजना काय आहे ते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 133 खाली हा निधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाच्या 0.25 टक्के रक्कम दरवर्षी वर्गणी म्हणून भरते. जिल्हा परिषद ती सांभाळते आणि त्यातून ग्रामपंचायतींनाच कर्ज देते. व्याज द.सा.द.शे. 5. परतफेड वार्षिक हप्त्यांनी, साधारण दहा वर्षांत. 8 लाख उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीची वर्गणी होते 2,000 रुपये. जिल्ह्यात अशा 800 ग्रामपंचायती धरल्या तर वर्षाची नवी वर्गणी 16 लाख, म्हणजे गाळ्यांची जेमतेम दीड-दोन कामं. निधी खरा चालतो तो जुन्या कर्जदारांच्या परतफेडीवर. शेजारच्या तालुक्यातल्या चार गावांनी हप्ते थकवले की तुमचा मंजूर व्हायचा अर्ज तसाच पडून राहतो. हा पैसा गावांचाच आहे, त्यामुळे तो बुडाला तर गावांचाच बुडतो, ही गोष्ट मासिक सभेत कुणीतरी ठणकावून सांगायला हवी.

अर्जाआधी स्वतःच्या वर्गणीची थकबाकी बघा. अनेक ठिकाणी वर्गणी अंदाजपत्रकात दाखवलेली असते आणि भरलेली नसते. पंचायत समितीतून वर्षवार भरणा काढून घ्या, राहिलेली रक्कम भरा, पावती अर्जाला जोडा. सोबत मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न-खर्चाचं विवरण, ग्रामसभेचा ठराव, जागेचा सातबारा किंवा आखीव पत्रिका, ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीतली नोंद, शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता. फाईल अडते ती बहुतेक जागेच्या कागदावर. बाजार पन्नास वर्षं एकाच ठिकाणी भरतो म्हणून ती जागा ग्रामपंचायतीचीच, असं सगळे धरून चालतात. सातबारा काढला की तिथे शासन, गायरान किंवा जिल्हा परिषद निघते. गायरानावर गाळे बांधायचा विचारही करू नका. 2011 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक वापराच्या जमिनींबाबत महसूल खातं कडक आहे, आणि उभं बांधकाम वादात गेलं तरी हप्ता थांबत नाही.

आता मुख्य प्रश्न: हप्ता कशातून?

सार्वजनिक इमारतीसाठी कर्ज काढायचं आणि एखाद्या कराचं उत्पन्न त्या कर्जासाठी बाजूला राखायचं, ही पद्धत जगात जुनी आहे. अमेरिकेत कित्येक शहरं आणि काउंट्या विक्रीकरात थोडी वाढ करतात, त्यावर लोकांचं मत घेतात आणि तो वाढीव पैसा फक्त ठरलेल्या इमारतींसाठी, किंवा त्यासाठी काढलेल्या रोख्यांसाठी वापरतात. ओक्लाहोमा सिटीने डिसेंबर 1993 मध्ये मतदान घेऊन डॉलरमागे एक सेंट असा जादा विक्रीकर पाच वर्षांसाठी लावला आणि त्यातून ग्रंथालय, बेसबॉलचं मैदान, क्रीडागृह अशी कामं कर्ज न काढता केली. आपल्याकडे अहमदाबाद महापालिकेने 1998 साली 100 कोटींचे सात वर्षांचे रोखे काढले तेव्हा जकात नाक्यांचं उत्पन्न त्यांना बांधून दिलं होतं. पुणे महापालिकेने 2017 साली 200 कोटींचे रोखे काढले, ते मालमत्ताकरावर. रोखे काढणाऱ्या या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. कराचा पैसा आधी वेगळ्या खात्यात जातो, तिथून आधी हप्ता कटतो आणि उरलेलं नगरपालिकेच्या हाती येतं.

महाराष्ट्राला तर यासाठी परदेशात पाहायचीही गरज नाही. 1975 चा व्यवसायकर रोजगार हमी योजनेसाठीच लावला गेला. नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या पैशावर, राज्याने तेवढीच भर घालून, विदर्भातले पाझर तलाव आणि रस्ते झाले. कामाला कर बांधला की ते काम सहजी बंद पडत नाही, हे आपण पाहिलेलं आहे.

ग्रामपंचायतीला मात्र विक्रीकराचा रस्ता नाही. आधी विक्रीकर राज्याचा होता, 1 एप्रिल 2005 पासून व्हॅट आला, 1 जुलै 2017 पासून जीएसटी. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्याची भरपाई महापालिकांना मिळते, त्यासाठी 2017 चा वेगळा कायदा आहे. गावाच्या बाजारात विकल्या गेलेल्या मालावरच्या कराचा ठरलेला वाटा गावाला थेट मिळत नाही. गावाच्या हाती उरते ती बाजार फी. ती मालाच्या विक्रीवर नाही, जागा आणि सोय वापरल्याबद्दल आहे, म्हणून जीएसटीनंतरही ती टिकली. खरेदी-विक्री वाढली की ती वाढते, बाजार बसला की ती बसते. कर्ज बांधायचं तर गावात विक्रीकराच्या सर्वांत जवळचं उत्पन्न हेच.

किती कर्ज झेपतं?

एक नमुना हिशोब. जुने 80 ओटे आहेत, रस्त्याच्या बाजूला 10 बाय 11 फुटांचे सहा गाळे बांधायचे आहेत. ओट्याला बाजाराच्या दिवशी 20 रुपये, खाली बसणाऱ्या 40 जणांना 10 रुपये. 52 बाजारांचे पूर्ण भरले तर 83,200 आणि 20,800, मिळून 1,04,000. हे कागदावरचं. पावसाळ्यात अर्धे ओटे रिकामे असतात, वसुलीचा ठेका घेणाऱ्याला माणूस ठेवावा लागतो, त्याला नफाही हवा. त्यामुळे या ठेक्याच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, 75,000 आले तर ते खरं उत्पन्न. गाळ्यांचं भाडं 1,500 धरलं तर सहा गाळ्यांचे वर्षाला 1,08,000. एकूण 1,83,000.

10 लाख कर्जावर मुद्दलाचा हप्ता 1 लाख आणि पहिल्या वर्षाचं व्याज 50,000, म्हणजे 1,50,000. उत्पन्न 1,83,000 असल्यामुळे सभेत सगळे खूश होतात आणि 10 लाखांचा ठराव होतो. इथेच फसगत होते. बाजार आणि गाळे हे ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न आहे. त्यावर मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याण 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च बंधनकारक आहे. 1,83,000 चे 30 टक्के 54,900. हाती राहतात 1,28,100. पहिलाच हप्ता तुटतो.

अजून वाईट वर्ष धरा, कारण ते येतंच. एक गाळा वर्षभर रिकामा, 18,000 कमी. सोयाबीनला भाव नाही, हर्रास 15,000 ने उतरला. उत्पन्न 1,50,000, त्यातले 30 टक्के गेले की 1,05,000. आता उलट मोजा: 1,05,000 मध्ये पहिला हप्ता बसतो असं कर्ज किती? 7 लाख. मुद्दल 70,000, व्याज 35,000. या गावाने 7 लाखांच्या वर एक रुपया घेऊ नये, मंजूर होत असला तरी. पुढे दरवर्षी व्याज 3,500 ने उतरत जातं आणि दहा वर्षांत एकूण व्याज होतं 1,92,500. एवढ्या व्याजात सहा गाळे दहा वर्षं आधी कमवायला लागतात, म्हणून हा सौदा चांगला आहे.

हा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करताना नोकरांच्या पगाराकडेही बघा. आकृतिबंधातल्या (मंजूर पदांवरच्या) कर्मचाऱ्यांवर उत्पन्नाच्या 35 टक्क्यांपर्यंत खर्च धरलेला असतो. 8 लाखांच्या ग्रामपंचायतीत 2,40,000 बंधनकारक खर्चाला आणि 2,80,000 पगाराला गेले की उरतात 2,80,000. त्यातूनच पथदिव्यांचं बिल, पाणीपुरवठ्याची वीज, ब्लिचिंग, छपाई. हप्ता या उरलेल्या रकमेवर सोडला की विजेचं बिल दर वेळी जिंकतं, कारण वीज कंपनी लाईन कापते आणि जिल्हा परिषद फक्त पत्र पाठवते. उत्पन्न आधीच बांधून ठेवायचं ते यासाठी.

बांधून ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

ग्रामसभेचा ठराव मोघम नको. "कर्ज घेण्यास मंजुरी" एवढंच लिहिलेला ठराव पुढच्या बॉडीला बांधत नाही. मजकूर साधारण असा हवा: "आठवडी बाजार फीच्या हर्रासाची संपूर्ण रक्कम व बाजार गाळे क्र. 1 ते 6 चं भाडं 'बाजार बांधकाम परतफेड' या स्वतंत्र बँक खात्यात जमा करावं. या खात्यातून प्रथम जिल्हा ग्रामविकास निधीचा वार्षिक हप्ता भरावा. एका हप्त्याइतकी रक्कम कायम शिल्लक ठेवावी. त्यावरील रक्कम फक्त बाजाराच्या देखभालीसाठी वापरावी. कर्ज फिटेपर्यंत हे उत्पन्न इतर कोणत्याही कर्जास अथवा देण्यास तारण देऊ नये." बंधनकारक 30 टक्के घरपट्टीच्या उत्पन्नातून भागवायचे असतील तर तेही याच ठरावात लिहा, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला.

शेवटचं वाक्य वगळू नका. पोर्तो रिकोने विक्रीकरावर काढलेल्या रोख्यांचं प्रकरण 2017 साली दिवाळखोरीत गेलं आणि 2019 मध्ये तडजोड झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या रोखेधारकांना बहुतेक पैसे मिळाले आणि दुसऱ्या क्रमांकाच्यांना जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त. एकाच उत्पन्नावर दोन देणी बांधली की दुसरं बुडतं. गावातलं दुसरं देणं म्हणजे गाळेधारकांची अनामत. बांधकामाला पैसे कमी पडले की ती वापरून टाकतात, आणि गाळा सोडताना दुकानदार मागायला आला की देतात त्याच भाड्यातून. अनामत वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा, बांधकामात घालू नका.

पुढची पायरी म्हणजे संमतीपत्र. जमिनीच्या खरेदी-विक्रीवरच्या मुद्रांक शुल्कातला वाटा ग्रामपंचायतीला जिल्हा परिषदेमार्फत मिळतो. हप्ता ठरलेल्या तारखेला न भरल्यास तेवढी रक्कम या वाट्यातून वळती करून घ्यावी, असं पत्र कर्ज घेतानाच द्या. सरपंचांना हे हात बांधून घेतल्यासारखं वाटतं आणि ते खरंच तसं आहे. पण बॉडी पाच वर्षांची असते आणि कर्ज दहा वर्षांचं. कर्ज काढणारे घरी बसतात, नवे निवडून आलेले म्हणतात ते आमचं नाही, मध्ये एखादं वर्ष प्रशासक येतो. पत्र फाईलला असेल तर या तिन्ही काळांत हप्ता जातो. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांतल्या नोंदी मात्र चोख हव्यात: कर्ज नमुना 29 मध्ये, गाळ्यांचं भाडं आणि हर्रासाची येणी नमुना 11 मध्ये, इमारत नमुना 22 मध्ये. नव्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला कर्ज आहे हे नमुना 29 उघडल्यावरच कळतं, आणि तो कोरा असेल तर कळतच नाही.

मेळघाट, गडचिरोली आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या अनुसूचित भागात आणखी एक गोष्ट आहे. 1996 च्या पेसा कायद्याने (अनुसूचित भागातल्या पंचायतींचा कायदा) गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार योग्य स्तरावरच्या पंचायतीला आणि ग्रामसभेला दिला आहे. तिथे ग्रामपंचायतीच्या मासिक सभेने बाजाराचं उत्पन्न परस्पर बांधून दिलं तर तो ठराव टिकेलच असं नाही. ज्या गावात बाजार भरतो त्या गावाच्या पेसा ग्रामसभेत विषय न्या, गटग्रामपंचायत असेल तर विशेष काळजी घ्या. मेळघाटात होळीच्या आधीच्या बाजारांत कामाला बाहेर गेलेली माणसं परत येतात, वर्षातली मोठी वसुली तेव्हा होते. हप्त्याची तारीख त्यानंतरची मागा. कपाशीच्या पट्ट्यात दिवाळी ते मार्च बाजार तेजीत असतो, धानपट्ट्यात धान निघाल्यावर. सप्टेंबरचा हप्ता कुठेच परवडत नाही, पोळ्याचा एक बाजार सोडला तर खिसे रिकामे असतात.

हर्रास

अख्खं कर्ज ज्यावर उभं, तो हर्रास बहुतेक गावांत अर्ध्या तासात उरकतात. सरकारी बोली, म्हणजे सुरुवातीची किमान बोली, मागच्या तीन वर्षांच्या सरासरीवर 10 टक्के वाढवून धरा. दवंडी आणि फलक किमान पंधरा दिवस आधी, शेजारच्या चार-पाच गावांतही, कारण गावातल्या गावात बोली लावणारे आपसांत ठरवून येतात. बोली सुटताच चौथा हिस्सा रोख किंवा ऑनलाईन, बाकीची रक्कम तीन समान भागांत आणि शेवटचा भाग जानेवारीच्या आत. जामीनदार दोन, त्यांची घरपट्टी भरलेली असावी. थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्याचं कलम करारनाम्यात हवं. चौथा हिस्सा भरून सहा महिने वसुली करणारे आणि मग हात वर करणारे ठेकेदार प्रत्येक तालुक्यात सापडतात.

बाजारात उभं राहून वसुली बघा. ठेकेदाराचा मुलगा पावतीपुस्तक हातात घेऊन ओट्याओट्याने फिरतो. पुस्तकावर ग्रामपंचायतीचा शिक्का नाही, पावतीवर रक्कम छापलेली नाही, दरफलक कुठेच नाही. कोथिंबिरीची टोपली घेऊन आलेल्या बाईकडून तो ओट्याचे 20 घेतो, मोकळ्या जागेचे 10 घ्यायला हवेत तिथे. तिने हुज्जत घातली तर पावती न देता 15 वर मिटतं. ती बाई चार बाजार येते आणि मग फाट्यावरच्या गुजरीत बसायला लागते. तिच्या मागे दुसऱ्या जातात. दोन वर्षांत ओटे रिकामे, तिसऱ्या वर्षी बोली खाली, आणि चौथ्या वर्षी हप्ता थकतो. म्हणून पावतीपुस्तकं ग्रामपंचायतीनेच छापून, क्रमांक टाकून, शिक्का मारून द्यावीत आणि दराचा पत्र्याचा फलक बाजाराच्या दोन्ही तोंडांना लावावा. खर्च हजार-दोन हजारांचा आहे.

2020 मध्ये टाळेबंदीत आठवडी बाजार बंद राहिले, तेव्हा ठेकेदारांनी सूट मागितली आणि ती न्याय्यही होती. पण कर्जाचा हप्ता होता तसाच होता. एका हप्त्याइतकी शिल्लक कायम ठेवायची ती अशा वर्षासाठी. करारनाम्यातही लिहा की शासनाच्या आदेशाने बाजार बंद राहिला तर जितके बाजार बंद तितक्याच प्रमाणात सूट, त्याहून जास्त नाही.

गाळ्यांचं भाडंही लिलावानेच ठरवा. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते, त्यामुळे मुदत तीन वर्षांची आणि दरवर्षी 5 ते 10 टक्के वाढ. एकदा दिलेला गाळा दहा वर्षं जुन्याच भाड्यावर राहतो, ही तक्रार गावोगाव आहे, आणि तो दुकानदार बहुतेक कुणा सदस्याच्या घरचाच असतो.

पैसा आला, आता बांधकाम

इथे कर्जाचा दोष नाही, पण कर्ज बुडण्याचं कारण इथेही तयार होतं. तडे गेलेल्या गळक्या गाळ्याला भाडेकरू मिळत नाही. वऱ्हाडात आणि वर्धा-यवतमाळच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर उथळ पाया टाकला की दोन पावसाळ्यांत शटरच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर काळी माती पूर्ण काढा, 15 ते 20 सेंमीच्या थरांनी मुरूम भरा, प्रत्येक थराला पाणी मारून दाबा. मुरूम फार खोल असेल तर किमान साडेतीन मीटर खोल अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले खांब) आणि वर प्लिंथ बीम असा आराखडा अभियंत्याकडून करून घ्या. गाळ्यांच्या चारही बाजूंनी तीन-चार फुटांचा काँक्रीटचा पट्टा हवा, म्हणजे छताचं पाणी पायाशी मुरणार नाही. जोतं आजच्या रस्त्यापेक्षा किमान दोन फूट वर ठेवा. पुढच्या डांबरीकरणात रस्ता चढतो आणि गाळे खड्ड्यात जातात.

काँक्रीट एप्रिल-मेमध्ये ओतू नका. मार्चअखेर पैसा वर्ग होतो, ठेकेदार उन्हाळ्यात काम काढतो, पारा 44-45 वर असतो आणि टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नाही. गावात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) असतं. त्याला कोरड्या उन्हात 14 दिवस ओलावा हवा, मिळतो तीन दिवस. एम-20 काँक्रीटचे 15 सेंमीचे तीन घन प्रत्येक स्लॅबच्या दिवशी काढून शासकीय तंत्रनिकेतनात तपासायला पाठवा. 28 दिवसांनी 20 न्यूटन प्रति चौ. मिमी आलं नाही तर पुढचं देयक थांबवा. मोजमाप वहीत, म्हणजे नमुना 20 मध्ये, पायाची खोली माती भरण्याआधी लिहिली गेली पाहिजे. नंतर ती कुणालाच मोजता येत नाही.

अंदाजपत्रकात कर विसरू नका. शासकीय आणि स्थानिक संस्थांच्या बांधकाम कंत्राटावर 18 जुलै 2022 पासून 12 ऐवजी 18 टक्के जीएसटी आहे. 10 लाखांच्या कामावर 1,80,000, शिवाय 1 टक्का कामगार उपकर 10,000. काम 11,90,000 चं. 7 लाख कर्ज घेतलं तर 4,90,000 दुसरीकडून उभे करायचे आहेत, हे पहिल्या दिवशी ठरलेलं हवं. अडीच लाखांच्या वरच्या कंत्राटात ग्रामपंचायतीने 2 टक्के जीएसटी टीडीएस कापून पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत विवरण भरायचं असतं. उशीर झाला की विलंब शुल्क ग्रामनिधीतून जातं.

बाकीच्या चार दारांशी तुलना करायची तर थोडक्यात. जनसुविधेतून दहनशेड आणि ग्रामपंचायत भवन होतं, आणि स्वतःची इमारत नसलेल्या ग्रामपंचायतींसाठी 2018 पासून मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना आहे. भवनासाठी कर्ज काढू नका, भवन भाडं देत नाही. पंचवीस-पंधरा आणि आमदार निधी मिळाला तर उत्तमच, फक्त काम कोणतं आणि कुठे हे तुमच्या हाती फारसं राहत नाही. वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) भाग आराखड्यातल्या कामांसाठी असतो. वरचे 4,90,000 त्यातून बसवता येतील, पण दहा वर्षांचा हप्ता त्याच्यावर बांधू नका, आयोग पाच वर्षांनी बदलतो. बँकेचं कर्ज मिळालंच तर व्याज जवळपास दुप्पट आणि मंजुऱ्या तेवढ्याच.

हे कर्ज कुणी घ्यावं? ज्या गावात बाजार खरंच भरतो, किमान तीन वर्षांचे हर्रासाचे आकडे कागदावर आहेत, जागा निर्विवाद आहे आणि घरपट्टीची वसुली 70 टक्क्यांच्या वर आहे त्यांनी. ज्या गावाचा बाजार पाच किलोमीटरवरच्या मोठ्या गावाने ओढून नेला आहे, त्यांनी गाळे बांधून तो परत येईल या आशेवर घेऊ नये. आधी ओट्यांवर सावली, पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह करा, दोन वर्षं हर्रास वाढतो का ते पाहा.

घ्यायचंच ठरलं तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव ठेवा. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यात जे कमी असेल तेवढे हजर लागतात आणि सह्या त्याच दिवशी घ्याव्या लागतात. सप्टेंबरात अंदाजपत्रक आणि जागेचे कागद, दिवाळीआधी तांत्रिक मान्यता आणि अर्ज. मंजुरी यंदा उशिरा आली तर काम पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबवा आणि तोवर कर्जाची रक्कम उचलू नका, व्याज उचललेल्या दिवसापासून लागतं. पाया नोव्हेंबरात, स्लॅब डिसेंबर-जानेवारीत, आणि गाळ्यांचा लिलाव शटर बसायच्या आधी, म्हणजे मार्चच्या पहिल्या बाजाराला भाडं सुरू होतं.